‘आमच्या संगणकाला विषाणू लागत नाही’

एका शिक्षक-प्रशिक्षण शिबिरात, दुपारच्या चहाच्या वेळी, एका माध्यमिक शाळेच्या संगणक-शिक्षकांनी आम्हाला गाठले. त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बारा संगणक आहेत आणि त्या सर्वांवर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलेली आहे. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे, की निकालपत्रके आणि मुलांची सगळी माहिती त्या संगणकांवर असते, तेव्हा अँटिव्हायरस घ्यायलाच हवा. शिक्षकांचे म्हणणे असे, की लिनक्सला व्हायरस लागतच नाही. मग शाळेचे पैसे त्यात का घालायचे? “सर, आमच्या दोघांत बरोबर कोण, तेवढे सांगा,” असे म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

दोघेही थोडे बरोबर आणि थोडे चूक, असे उत्तर आम्ही दिले. तेवढ्यात पुढच्या सत्राची घंटा झाली आणि उरलेले उत्तर राहून गेले. ते इथे देत आहोत. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

पहिले रोगी कोण?

संगणक-विषाणू म्हणजे स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा चकतीवर करणारा प्रोग्रॅम. विषाणू हा विंडोजचा रोग आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पण सुरुवात पाहिली तर चित्र निराळे दिसते.

१९८२ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या एका शाळेत नववीत शिकणाऱ्या रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘एल्क क्लोनर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. बाधित फ्लॉपीवरून संगणक सुरू केला, की हा प्रोग्रॅम स्मृतीत जाऊन बसे आणि नंतर घातलेल्या प्रत्येक निरोगी फ्लॉपीवर स्वतःची नक्कल करी. पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक विनोदी कविता दिसे. प्रयोगशाळेबाहेर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी हा एक. तो होता ‘ॲपल टू’ या संगणकावर. कारण तिथल्या घरांत आणि शाळांत तेव्हा तो संगणक पुष्कळ होता.

दुसरे उदाहरण १९८३ सालचे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याने ‘व्हॅक्स’ संगणकावर, युनिक्स या कार्यप्रणालीवर, रीतसर परवानगी घेऊन एक प्रयोग केला. ‘व्हायरस’ हे नाव सुचवले त्याचे शिक्षक लेन एडलमन यांनी. युनिक्सवर प्रत्येक वापरकर्त्याचे अधिकार ठरलेले असतात. एकाला दुसऱ्याच्या फाइलींना हात लावता येत नाही. सर्व अधिकार फक्त व्यवस्थापकाकडे असतात. कोहेनने ही भिंत फोडलीच नाही. त्याने एका उपयुक्त प्रोग्रॅममध्ये विषाणू ठेवला आणि तो सर्वांना वापरायला दिला. जो तो वापरी त्याच्या अधिकारात विषाणू काम करी आणि त्याचे इतर प्रोग्रॅम बाधित करी. केव्हा तरी सर्वाधिकार असलेला मनुष्य यांपैकी एखादा प्रोग्रॅम चालवणारच. पाच वेळा हा प्रयोग झाला. पाचही वेळा तासाभराच्या आत सर्वाधिकार विषाणूच्या हाती आले. एकदा तर पाच मिनिटेही लागली नाहीत. आजचे लिनक्स आणि मॅक ही युनिक्सच्याच घराण्यातली मंडळी आहेत, हे ध्यानात ठेवू या.

आयबीएम पीसीवरचा पहिला प्रसिद्ध विषाणू, ‘ब्रेन’, आला तो १९८६ मध्ये, लाहोरच्या अल्वी बंधूंकडून. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. त्यानंतर मात्र पीसीची संख्या झपाट्याने वाढली आणि विषाणूंचा मुक्काम तिथेच पडला. वैद्यही तिथेच गेले. पुण्यात कैलास काटकर यांच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात बाधित संगणक येत. त्यातूनच त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ तयार केले, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल.

चाळीस मुलांचा खेळ

पीसीवर विषाणू बोकाळले आणि मॅकिंटॉशवर ते मोजकेच राहिले, हे कशामुळे? मॅकची बांधणी फार भक्कम होती, असे नव्हे. त्या काळी मॅकवरही आजच्यासारखे अधिकारांचे कुंपण नव्हते. यामागचे एक कारण वर्गात करून दाखवण्यासारखे आहे.

चाळीस मुलांचा वर्ग घ्या. छत्तीस जणांना निळी चिठ्ठी द्या, चौघांना लाल. निळा म्हणजे पीसी, लाल म्हणजे मॅक. निळ्याचा विषाणू निळ्यालाच लागतो, लालचा लाललाच. आता प्रत्येकाने रंग न पाहता कोणत्याही दहा जणांना आपली फ्लॉपी द्यायची. एका निळ्या मुलाला विषाणू लागला, तर उरलेल्या ३९ जणांत ३५ निळे आहेत. म्हणजे दहांपैकी सरासरी नऊ जणांना त्याची बाधा होईल. लाल मुलाला विषाणू लागला, तर ३९ जणांत लाल फक्त तीन. दहा गुणिले तीन भागिले ३९, म्हणजे सुमारे ०.७७. एक रोगी सरासरी एकाहून कमी जणांना रोग देत असेल तर साथ आपोआप विझते, हे आपण सारे २०२० सालापासून अनुभवाने शिकलो आहोत. लाल मुलांची प्रकृती निळ्यांहून चांगली आहे, असे इथे मुळीच नाही. ती फक्त विरळ आहेत.

लाल चिठ्ठीच्या मुलांनाही पूर्ण सुटका नव्हती. जिथे मॅक एकवटलेले असत, उदाहरणार्थ विद्यापीठांत आणि छपाईच्या व्यवसायात, तिथे ‘एनव्हीआयआर’सारखे विषाणू १९८७ पासून फिरत होते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन नॉर्स्टॅड यांनी मॅकसाठी ‘डिसइन्फेक्टंट’ हा प्रोग्रॅम लिहिला आणि वर्षानुवर्षे फुकट वाटला. मॅकवरचे ज्ञात विषाणू इतके थोडे होते, की फावल्या वेळात काम करणाऱ्या एका माणसाला त्यांचा पाठपुरावा करणे जमत होते.

पण १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाचा विषाणू आला आणि हिशेबच बदलला. तो प्रोग्रॅमच्या फाइलीत राहत नसे, तर मायक्रोसॉफ्ट वर्डच्या दस्तऐवजात, मॅक्रो नावाच्या छोट्या आज्ञांच्या रूपात राहत असे. वर्ड विंडोजवरही होते आणि मॅकवरही. त्यामुळे या विषाणूच्या दृष्टीने लाल आणि निळा हा भेदच उरला नाही. वर्ड असलेले सारे एकाच रंगाचे झाले. अशा मॅक्रो विषाणूंची संख्या पुढे इतकी वाढली, की एकट्या माणसाला तो भार पेलणे शक्य नव्हते. १९९८ मध्ये नॉर्स्टॅड यांनी ‘डिसइन्फेक्टंट’ बंद केले. आपला प्रोग्रॅम या नव्या विषाणूंना ओळखत नाही आणि तरीही लोक त्याच्या भरवशावर निर्धास्त राहतील, ही त्यांची काळजी होती.

हातोहात आणि जाळ्यातून

आता लिनक्सकडे वळू. लिनक्सचा जन्म १९९१ चा. त्यावरचा पहिला ज्ञात विषाणू ‘स्टाओग’ १९९६ मध्ये दिसला आणि ‘ब्लिस’ १९९७ मध्ये. दोन्ही फारसे पसरले नाहीत. ब्लिस तर इतका सभ्य होता, की एक ठरावीक शब्द लिहून त्याला विनंती केली तर तो बाधित फाइली स्वतःच पूर्ववत करी. हे विषाणू न पसरण्याची दोन कारणे होती. एक म्हणजे वर सांगितलेला विरळपणा. दुसरे, लिनक्सवर रोजचे काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात होते आणि प्रोग्रॅम बहुधा एकाच विश्वसनीय भांडारातून घेतले जातात. कोहेनने दाखवले तसे अधिकारांचे कुंपण ओलांडता येते. पण लोक एकमेकांचे प्रोग्रॅम उचलून चालवत नसतील, तर ओलांडण्याची संधी फार कमी मिळते. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ ही म्हण या काळातली आहे.

पण वर्म, म्हणजे कृमी, हा प्रकार निराळा आहे. त्याला कोणी फ्लॉपी द्यावी लागत नाही. जाळ्यातून तो स्वतःच दुसऱ्या संगणकाचे दार ठोठावतो. त्याचे पहिले मोठे उदाहरणही युनिक्सवरचेच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला कृमी युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स आणि सन संगणकांत शिरला. त्याच्याजवळ टपाल-प्रोग्रॅममधल्या आणि आणखी एका सेवेतल्या चुकीची माहिती होती. शिवाय ४३२ शब्दांची एक यादी होती. लोक पासवर्ड म्हणून कोणते शब्द ठेवतात, त्याचा तो अंदाज होता आणि तो अनेक ठिकाणी बरोबर ठरला.

जानेवारी २००१ मध्ये ‘रामेन’ हा कृमी रेड हॅट लिनक्सच्या ६.२ आणि ७.० या आवृत्त्यांवर पसरला. तो इंटरनेटवरचे पत्ते धडाधड तपासत जाई. इथे आपला चाळीस मुलांचा हिशेब कोसळतो. फ्लॉपी दहा जणांना देता येते. कृमी काही तासांत हजारो दारे ठोठावू शकतो. दहांऐवजी हजार जणांना गाठता आले, तर शंभरात एकच लाल असला तरी दहा रोगी मिळतात. विरळपणाचे कवच हातोहात पसरणाऱ्या रोगापुरतेच होते. जाळे आले आणि ते कवच गळून पडले. इतिहासातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

रामेन ज्या तीन फटींतून शिरत असे, त्या बुजवणाऱ्या सुधारणा २००० सालीच प्रसिद्ध झाल्या होत्या. ज्यांनी त्या बसवल्या त्यांना रामेनचे भय नव्हते, मग त्यांच्याकडे अँटिव्हायरस असो वा नसो.

आमच्या प्रयोगशाळेतली गोष्ट

दुरून शहाणपण सांगणे सोपे असते, म्हणून आमचीही एक चूक सांगतो. २००८ च्या सुमारास आम्ही संशोधक विद्यार्थी होतो. मोजमापे घेणाऱ्या उपकरणाला एक जुना विंडोज संगणक जोडलेला होता. तो जाळ्यावर नव्हता, म्हणून त्यावर अँटिव्हायरस नव्हता. आकडेमोड आम्ही लिनक्सवर करत असू. दोन्हींमध्ये ये-जा करणारा एकच दूत होता, पेन ड्राइव्ह.

त्या काळी पेन ड्राइव्हवरच्या विषाणूंचा सुळसुळाट होता. त्यांतला एक प्रकार असा, की तो तुमचे फोल्डर लपवी आणि त्याच नावाचा, फोल्डरचेच चित्र असलेला एक प्रोग्रॅम तिथे ठेवी. तुम्ही फोल्डर समजून त्यावर क्लिक केले, की तो चालू होई. लिनक्सवर मात्र लपवलेले फोल्डर जसेच्या तसे दिसत आणि शेजारी शेवटी ‘ईएक्सई’ असलेल्या विचित्र फाइली दिसत. आम्ही त्या पाहिल्या होत्या. त्यांवर आम्ही हसलोही होतो. आपल्या यंत्राला त्यांचा काही त्रास नाही, म्हणून त्या पुसल्याही नाहीत. एके दिवशी तोच पेन ड्राइव्ह उपकरणाच्या संगणकात गेला. तो संगणक अखेर पूर्ण पुसून नव्याने बसवावा लागला आणि आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याची सुमारे महिनाभराची मोजमापे गेली. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

आमच्या लिनक्सला खरेच काही झाले नव्हते. पण डास स्वतः हिवतापाने मरत नाही, माणूस मरतो. ज्या यंत्राला रोग होत नाही ते रोगाचे वाहक होऊ शकते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तपासणीचा प्रोग्रॅम आमच्यासाठी नव्हे, तर शेजाऱ्यासाठी हवा होता. २००२ पासून उपलब्ध असलेला ‘क्लॅमएव्ही’ हा फुकट अँटिव्हायरस लिनक्सच्या टपाल-संगणकांवर प्रामुख्याने वापरला जातो तो याच कारणासाठी. टपाल वाचणाऱ्यांतले बरेच जण विंडोजवर असतात.

अँटिव्हायरस काय करतो आणि काय करत नाही

अँटिव्हायरस मुख्यतः ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी बाळगतो आणि त्या खुणा फाइलींत शोधतो. संशयास्पद वागणूकही तो पाहतो. पण सर्व विषाणू अचूक ओळखणारा प्रोग्रॅम तयार होऊ शकेल का? होऊ शकत नाही, हे कोहेनने १९८४ मध्येच दाखवले. त्याचा युक्तिवाद अकरावी-बारावीच्या मुलांना सहज समजतो. समजा, असा सर्वज्ञ परीक्षक आहे. मग आपण एक प्रोग्रॅम लिहू. तो प्रथम परीक्षकाला स्वतःविषयी विचारतो: ‘मी विषाणू आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर तो काहीच करत नाही. उत्तर ‘नाही’ आले तर तो पसरतो. परीक्षकाने काहीही सांगितले तरी ते चूकच ठरते. म्हणून असा परीक्षक असू शकत नाही.

शिवाय अँटिव्हायरसला सगळ्या फाइली पाहायच्या असतात, म्हणून त्याला मोठे अधिकार द्यावे लागतात. राखणदारच अडखळला तर काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रोग्रॅमच्या एका सदोष सुधारणेमुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विषाणू एकही नव्हता.

नव्या काळातले तीन धडे

२००६ मध्ये मॅकच्या जाहिराती पीसीला विषाणू होतात म्हणून त्याची थट्टा करत. एप्रिल २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक बाधित केल्याचे उघड झाले. तो जावा या प्रोग्रॅममधल्या एका फटीतून शिरत होता. इतर संगणकांसाठी ती फट फेब्रुवारीतच बुजवली गेली होती. मॅकसाठीची सुधारणा आली एप्रिलमध्ये. मधल्या काही आठवड्यांनी घात केला. आज मॅकमध्ये ‘एक्सप्रोटेक्ट’ नावाचा ज्ञात विषाणू ओळखणारा भाग मुळातच बसवलेला असतो. तो २००९ पासून आहे. म्हणजे ‘मॅकला अँटिव्हायरस हवा का’ या प्रश्नाचे एक उत्तर निर्मात्यांनीच देऊन ठेवले आहे.

२०१६ मध्ये ‘मिराई’ने घरोघरच्या सुरक्षा-कॅमेऱ्यांना आणि तत्सम उपकरणांना ताब्यात घेतले. त्यांच्या आत लिनक्सच असते, हे मालकांच्या गावीही नव्हते. मिराईजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. १९८८ च्या त्या ४३२ शब्दांचीच ही नवी पिढी. कॅमेऱ्यावर अँटिव्हायरस बसवता येत नाही. पासवर्ड बदलता आला असता.

तिसरा धडा मार्च २०२४ चा. लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइली आकसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोनेक वर्षे खपून विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने चोरदार बसवले. ज्या विश्वसनीय भांडाराची आपण वर स्तुती केली, त्यालाच हे आतून भोक होते. ते सापडले अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. दूरच्या संगणकात प्रवेश घ्यायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याने त्याचा माग काढला. बहुतेक संगणकांपर्यंत पोचण्याआधीच ते दार बंद झाले.

आणि लिनक्स आता विरळही राहिलेले नाही. टेबलावरच्या संगणकांत ते कमी दिसते, पण प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे, आणि जगातले सर्वांत वेगवान ५०० संगणक २०१७ पासून सर्वच्या सर्व त्यावर चालत आले आहेत.

मग शाळेने काय करावे?

आता त्या शिक्षकांना द्यायचे राहिलेले उत्तर. आपल्या बारा संगणकांवर विकतचा अँटिव्हायरस नसला तरी चालेल. पण ‘विषाणू लागत नाही’ म्हणून नव्हे. चार गोष्टी केल्या तरच चालेल.

पहिली, सुधारणा दर आठवड्याला बसवाव्यात आणि ते काम कोणाचे, हे नावानिशी ठरवावे. दुसरी, मुलांसाठी साधे खाते असावे; सर्वाधिकाराचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला नसावा. आम्ही तो तसा लिहिलेला पाहिला आहे. तिसरी, जिथून पेन ड्राइव्ह आणि फाइली बाहेर जातात त्या एका संगणकावर फुकटचा तपासणी-प्रोग्रॅम ठेवावा; आपल्यासाठी नव्हे, तर फाइली घरच्या विंडोज संगणकावर नेणाऱ्या मुलांसाठी आणि निकाल पाठवायच्या त्या कार्यालयासाठी. चौथी, निकालपत्रकांची एक प्रत अशा जागी ठेवावी, जी एरवी संगणकाला जोडलेली नसते. ही चौथी गोष्ट आमच्या त्या सहकाऱ्याने केली असती, तर त्याचा महिना वाचला असता.

वाचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क येते. मुख्याध्यापकांनी आग्रह धरायचा तर तिचा धरावा.